वाजवणाऱ्याचे नाव

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हिक फ्लिक या इंग्रज गिटारवादकाचे वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर आलेल्या मृत्युलेखांत त्याची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात करून दिलेली होती: जेम्स बाँडची धून वाजवणारा गिटारवादक. अनेक दशकांच्या कारकिर्दीतून एका दिवसाचे काम लोकांच्या लक्षात राहिले, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पुष्कळ चांगल्या कवींच्या वाट्याला एवढेही येत नाही. पण ज्या कामासाठी फ्लिक ओळखला गेला ते काम, कायद्याच्या आणि रूढ समीक्षेच्या दृष्टीने, त्याचे नव्हतेच. ‘डॉ. नो’ (१९६२) या पहिल्या बाँडपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून माँटी नॉर्मनचे नाव आहे, आणि बाँडची धून जॉन बॅरी व त्याच्या वाद्यवृंदाने वाजवल्याचा उल्लेख आहे. फ्लिकचे नाव नाही.

या लेखात मला फ्लिकच्या निमित्ताने कर्तेपणाच्या प्रश्नाकडे पाहायचे आहे. साहित्याच्या वर्गात आपण हा प्रश्न बहुधा बार्थच्या ‘लेखकाच्या मृत्यू’पासून सुरू करतो. लेखक नावाची सत्ता संहितेवरून हटवली की वाचक मोकळा होतो, असे विद्यार्थ्यांना सांगताना आपल्यालाही थोडे मोकळे वाटते. पण ज्यांचे कर्तेपण मुळात नोंदलेच गेले नाही, त्यांचे काय? त्यांच्या बाबतीत मृत्यूची घोषणा करण्यापूर्वी जन्माचा दाखला शोधावा लागेल.

सेशन गिटारवादक म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. १९६० च्या दशकातील लंडनमध्ये ध्वनिमुद्रणाचे काम तीन-तीन तासांच्या पाळ्यांत चाले: सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच, संध्याकाळी सात ते दहा. वादक जमवून देणारा एक मध्यस्थ असे. त्याचा फोन आला की वाद्य आणि ॲम्प्लिफायर उचलून सांगितलेल्या स्टुडिओत हजर व्हायचे. तिथे गेल्यावर कळायचे की आज कोणाचे गाणे आहे. कधी कधी तेही कळायचे नाही. पुढ्यात स्वरलिपीचे कागद असत, ते पाहताक्षणी वाजवता आले पाहिजेत. अनेकदा कागदावर फक्त स्वरसंघांची नावे असत आणि ‘इथे काहीतरी कर’ एवढीच सूचना असे. हे ‘काहीतरी’ करण्यासाठीच खरे तर त्याला बोलावलेले असे. पाळी संपली की ठरलेले एकरकमी मानधन घ्यायचे आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर नाव येत नसे, विक्रीतला वाटा मिळत नसे. (हिंदी चित्रपटसंगीतातल्या गोमंतकीय वादकांची आठवण इथे अनेकांना होईल. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

फ्लिकचा जन्म १९३७ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या सरे परगण्यातील वूस्टर पार्कचा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये स्किफल नावाच्या घरगुती वाद्यांवरच्या संगीताची लाट आली होती. बॉब कॉर्टच्या अशाच एका स्किफल गटाबरोबर दौऱ्यावर असताना त्याची गाठ जॉन बॅरीशी पडली, आणि पुढे तो ‘जॉन बॅरी सेव्हन’ या सात जणांच्या वाद्यवृंदाचा मुख्य गिटारवादक झाला. बीबीसीच्या ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची ‘हिट अँड मिस’ ही शीर्षकधून त्याच काळातली. १९६० साली आलेल्या ‘बीट गर्ल’ या चित्रपटाला बॅरीचे संगीत आहे. तो चित्रपट म्हणून आज फारसा सहन होत नाही. पण त्याची शीर्षकधून मुद्दाम ऐकावी. खालच्या तारांवर रेटून वाजवलेली, धातूची धार असलेली, जवळजवळ धमकी देणारी गिटार त्यात आहे. बाँड पडद्यावर येण्याच्या दोन वर्षे आधी त्याचा आवाज तयार होता असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो मोह सर्वस्वी चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

२१ जून १९६२ या दिवशी लंडनच्या बेजवॉटर भागातील सीटीएस स्टुडिओत बाँडच्या धुनेचे मुद्रण झाले. नॉर्मनने दिलेल्या सुरावटीत निर्मात्यांना हवा तो जोर येत नव्हता, म्हणून ऐन वेळी बॅरीला बोलावण्यात आले होते. बॅरीने ती सुरावट फ्लिकला दाखवली आणि हिचे काय करता येईल असे विचारले. फ्लिकने सुचवले की ही खाली आणू. ‘ए मायनर’मधून ‘ई मायनर’मध्ये, म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड, सर्वांत खालच्या तारेवर. त्याच्याकडे क्लिफर्ड एसेक्स कंपनीची पोकळ पेटीची जुनी गिटार होती. तिच्यावर बसवलेला डीआर्मंडचा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारा भाग, त्याने पुलाजवळ सरकवला, आणि तो तारांच्या आणखी जवळ यावा म्हणून खाली चुरगाळलेले सिगारेटचे पाकीट खुपसले. पुढे फेंडरचा छोटा ॲम्प्लिफायर. मग त्याने ती तार जवळजवळ हाणली. बाजूला बसलेल्या वाद्यवृंदाच्या मायक्रोफोनांतही तो आवाज पाझरला आणि त्याला एक खोली आली. सिगारेटच्या पाकिटाची गोष्ट मी हौसेने सांगत नाही. कागदावर लिहिता न येणारी, पण कानाला पहिल्या क्षणी जाणवणारी गोष्ट कशी घडते, याचा तो चोख दाखला आहे.

या कामाचे फ्लिकला सुमारे सहा-सात पौंड मिळाले. बॅरीला अडीचशे पौंड मिळाले. नॉर्मनला आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांना मिळत राहिलेल्या रॉयल्टीचा आकडा लाखो पौंडांचा आहे.

आता त्या सुरावटीच्या जन्माकडे वळू, कारण इथे साहित्याचा थेट संबंध येतो. नॉर्मनने ती बाँडसाठी रचलेली नव्हती. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) या कादंबरीवर एक संगीत नाटक करण्याचा बेत होता आणि नॉर्मन त्याची गाणी करत होता. नाटक रंगभूमीवर आलेच नाही. त्यातल्या ‘बॅड साइन, गुड साइन’ या गाण्याची चाल नॉर्मनच्या कपाटात पडून राहिली. कादंबरी वाचलेल्यांना आठवेल की मोहन बिस्वास उलटा, सहा बोटे घेऊन जन्मतो, आणि पंडित त्याच्या भविष्यात अपशकुनी शिंक असल्याचे सांगतो. त्या दुर्दैवी शिंकेचे ते गाणे. त्रिनिदादमधल्या भारतीय गिरमिटियांच्या वंशजाच्या तोंडी घालायचे म्हणून नॉर्मनने त्याला हिंदुस्थानी वळण दिले होते. त्यातले लांबवलेले स्वर तोडून, तुकडे करून त्याने बाँडची धून बनवली. स्वतःच्या मालकीचे एक घर असावे म्हणून आयुष्यभर झिजणारा, सासुरवाडीच्या गोतावळ्यात घुसमटणारा बिस्वास कुठे, आणि दर चित्रपटात नव्या हॉटेलात उतरणारा, घर नावाची गोष्टच नसलेला बाँड कुठे! पण चाल तीच. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या एका स्थलांतरावर प्रबंध लिहायला हरकत नाही.

मात्र नुसती चाल तीच असेल, तर ऐकणाऱ्याला बिस्वासची शिंक का ऐकू येत नाही? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न हा आहे, आणि न्यायालयात नेमका हाच विचारला गेला नाही. १९९७ साली ‘द संडे टाइम्स’ने धुनेचा खरा कर्ता बॅरी आहे अशा आशयाचा लेख छापला. नॉर्मनने अब्रूनुकसानीचा दावा लावला. २००१ साली लंडनच्या उच्च न्यायालयात ज्यूरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला आणि त्याला ३०,००० पौंड भरपाई मिळाली. बॅरीने वृत्तपत्राच्या बाजूने साक्ष दिली होती. स्वरलिपीचे कागद तपासले गेले, संगीतशास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या. ही सुरावट कोणाची आणि तो मधला पितळी वाद्यांचा उसळता भाग कोणाचा, याचा खल झाला. निकालाबद्दल मला तक्रार नाही; नॉर्मनची सुरावट नॉर्मनचीच होती. पण त्या दालनात दोन कर्त्यांचा वाद चालू असताना, जगाने ज्या आवाजाला बाँड म्हणून ओळखले तो आवाज कोणाचा, हा प्रश्नच तिथे असू शकत नव्हता. आवाजाला तिथे रकाना नव्हता.

पाश्चात्त्य स्वामित्वहक्काच्या कायद्याची घडण छापील ग्रंथावरून झालेली आहे. त्यामुळे संगीताकडेही तो लेखन म्हणून पाहतो. जे लिहिता येते ते निर्मिती. जे लिहिता येत नाही ते श्रम. सुरावट लिहिता येते, म्हणून ती मालमत्ता. तारेवरचा आघात, नादाची जात, एखाद्या स्वराला दिलेला किंचित उशीर या गोष्टी कागदावर उतरत नाहीत, म्हणून त्यांची मजुरी. आपल्याकडे निदान शास्त्रीय संगीतात हे द्वैत वेगळ्या प्रकारे मांडलेले आहे. बंदिश एकाची आणि गायकी दुसऱ्याची, हे मैफलीतल्या सामान्य श्रोत्यालाही ठाऊक असते. बंदिशीच्या कर्त्याचे नाव माहीत असले तर उत्तम, नसले तरी चालते. पण कोण गायले हे विसरून कोणी घरी जात नाही. बॅरीच्या स्टुडिओत नेमके उलटे घडले. बंदिशीचा कर्ता न्यायालयापर्यंत ओळखला गेला, आणि गायकी सहा पौंडांत मिटली.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. फ्लिकचा तो आवाज तरी सर्वस्वी त्याचा होता का? खालच्या तारांवरचा तो टणत्कार अमेरिकेत ड्वेन एडीने १९५८ च्या सुमारास लोकप्रिय केलेला होता. लंडनमधल्या दुसऱ्या एखाद्या कसबी वादकाला बोलावले असते तर त्यानेही काम निभावले असते. शिवाय सेशन वादकाचा धर्मच मुळी स्वतःला पुसून टाकण्याचा. जो वादक प्रत्येक गाण्यात स्वतःला ऐकवू पाहील त्याला मध्यस्थाचा फोन येईनासा होतो. मग अशा माणसाला कर्ता म्हणण्याचा अट्टहास हा आपलाच, साहित्यवाल्यांचा, व्यक्तिवादी भाबडेपणा नव्हे का? या आक्षेपातला पहिला भाग मला फारसा टिकणारा वाटत नाही, कारण उसनवारीचा निकष लावला तर नॉर्मनच्या सुरावटीचेही काय उरेल कोण जाणे. दुसरा भाग मात्र खरा आहे. फ्लिकचे मोठेपण त्याच्या शैलीत नव्हते, शैली बदलण्याच्या तत्परतेत होते. १९६४ साली पीटर अँड गॉर्डन यांच्या ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’मधली मऊ, घंटेसारखी बारा-तारी गिटार त्याचीच. त्याच वर्षी आलेल्या बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटात रिंगो एकटाच नदीकाठी भटकतो, त्या प्रसंगामागे जॉर्ज मार्टिनने ‘दिस बॉय’ची वाद्यरचना वापरली आहे. तिच्यातली उदास गिटारही फ्लिकचीच. धमकी देणारा तो हात आणि हा हात एकच, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. अशा माणसाच्या कर्तेपणाला कोणती संज्ञा द्यावी हे मला सुचत नाही. ‘कारागीर’ हा शब्द मी टाळतो, कारण आपल्या समीक्षेत तो बहुधा कोणाला तरी एक पायरी खाली उतरवण्यासाठीच वापरला जातो.

पेटुला क्लार्कचे ‘डाउनटाउन’ हे गाणे ऑक्टोबर १९६४ मध्ये लंडनच्या पाय स्टुडिओत मुद्रित झाले. त्या दिवशी खोलीत तीन गिटारवादक होते: व्हिक फ्लिक, बिग जिम सलिव्हन आणि विशीतला जिमी पेज. गाणे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना गाजले. ते ऐकताना तिघांना वेगळे काढणे माझ्या कानाला अजून जमलेले नाही. पेज पुढे सेशनचे काम सोडून १९६६ मध्ये यार्डबर्ड्समध्ये गेला आणि १९६८ मध्ये त्याने लेड झेपेलिनची स्थापना केली. त्यामुळे त्याची सेशनची वर्षेही मागाहून महत्त्वाची ठरली. आज चाहते त्या काळातल्या शेकडो गाण्यांत पेज कुठे ऐकू येतो याचा शोध घेतात, वाद घालतात. ही एक प्रकारची पाठचिकित्साच आहे, आणि पाठचिकित्सेची जुनी खोड तिच्यातही आहे: संशयास्पद पाठ नेहमी सर्वांत प्रसिद्ध नावाच्या खाती जमा होतो. आपल्याकडे कित्येक अनाम अभंगांना अशीच मोठी नाममुद्रा चिकटली. फरक इतकाच की अभंगरचयित्याने ती बहुधा भक्तीने लावली.

सलिव्हनची हकिगत तर याहून बोलकी आहे. लंडनमध्ये विलायत खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण कानावर पडल्यावर हा रॉक अँड रोल वाजवणारा माणूस सतारीच्या नादी लागला. लंडन विद्यापीठात हिंदुस्थानी संगीताचे अध्यापन करणारे नाझिर जयराजभॉय यांच्याकडे तो शिकला. (उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा १९७१ चा ग्रंथ आपल्याकडच्या अभ्यासकांना परिचित असेल.) १९६८ साली त्याची सतारवादनाची एक ध्वनिमुद्रिका आली. तिच्यावर त्याचे नाव नव्हते. ‘लॉर्ड सितार’ असे टोपणनाव होते. लगोलग अफवा पसरली की हा जॉर्ज हॅरिसनच. सतार वाजवणारा इंग्रज म्हटल्यावर लोकांना दुसरे नाव सुचेना. त्या ध्वनिमुद्रिकेचे सांगीतिक मूल्य बेताचेच आहे, हेही सांगायला हवे. पण स्वतः शिकून, स्वतः वाजवून, नाव मात्र दुसऱ्याचे व्हावे, हे दुर्दैव बिस्वासलाही ओळखीचे वाटले असते.

कायदा अगदीच ढिम्म राहिला असे नाही. ‘यंग ॲट हार्ट’ या गाण्यात पाळीपुरता बोलावलेला व्हायोलिनवादक रॉबर्ट बेकिंगहॅम २००२ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात सहकर्ता ठरला. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बमवर क्लेअर टॉरी या गायिकेने तीस पौंडांच्या मानधनावर शब्दांविना जे गायले, त्याचे सहकर्तेपण तिला २००५ साली तडजोडीने मिळाले. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मधल्या ऑर्गनसाठी मॅथ्यू फिशरला २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सहकर्ता म्हणून मान्यता दिली आणि चाळीस टक्के वाटा कायम केला. फिशर सेशन वादक नव्हता, त्या गटाचाच होता; तरी त्यालाही चार दशके लागली. हे निकाल स्वागतार्ह आहेत. पण तिन्ही ठिकाणी जिंकली ती सुरावट, म्हणजे पुन्हा तेच, जे लिहून दाखवता येते. फ्लिकने बाँडच्या धुनेत एकही नवा स्वर घातला नव्हता. त्याने स्वर खाली आणले आणि त्यांचा पोत बदलला. असे काम या निकालांच्या छत्राखालीही येत नाही.

मला स्वतःला फ्लिकला ‘संगीतकार’ ठरवावे असे वाटत नाही. एका कर्त्याला पदच्युत करून दुसऱ्याला बसवण्यात आपली विचार करण्याची रीत बदलत नाही. निर्मितीचे एकच टोक असते, या समजुतीवरच माझा आक्षेप आहे. नाटकाच्या अभ्यासात आपण हे कधीच मान्य केले आहे. नाटककाराची संहिता आणि नटाचा उच्चार या दोन वेगळ्या निर्मिती आहेत, आणि दुसरीचे मोल ठरवताना पहिलीचा अपमान होत नाही. संगीतावर, विशेषतः लोकप्रिय संगीतावर लिहिताना मात्र आपण अजून गीतकार, संगीतकार आणि गायक या तीन नावांवर थांबतो. त्यापलीकडचे नाव शोधायला कायद्याची गरज नसते, समीक्षकाची इच्छा पुरते.

फ्लिकच्या वाट्याला उशिरा काही गोष्टी आल्या. १९८९ च्या ‘लायसन्स टू किल’साठी एरिक क्लॅप्टनबरोबर त्याने एक शीर्षकधून मुद्रित केली, ती वापरलीच गेली नाही. २००८ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात त्याचे नाव अग्रभागी आहे, पण उपशीर्षकात बाँड आणि बीटल्स यांना आणावेच लागले.

ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१३ पासून ध्वनिमुद्रणावरील हक्कांची मुदत पन्नास वर्षांवरून सत्तर वर्षे झाली. पन्नास वर्षांनंतरच्या विक्रीतला वीस टक्के भाग, ज्यांना पूर्वी फक्त एकरकमी मानधन मिळाले होते अशा वादकांसाठी राखून ठेवण्याची तरतूदही त्याच वेळी झाली. ही तरतूद फ्लिकच्या पिढीसाठीच होती. पण तोवर ज्या मुद्रणांची मुदत संपून गेली होती, त्यांना ती लागू झाली नाही. जॉन बॅरीच्या वाद्यवृंदाची बाँडच्या धुनेची सुटी ध्वनिमुद्रिका १९६२ च्या अखेरीस बाजारात आली होती. तिची पन्नास वर्षे ३१ डिसेंबर २०१२ रोजी भरली. माँटी नॉर्मनचे निधन जुलै २०२२ मध्ये झाले, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे या हिशेबाने त्याच्या सुरावटीवरचा हक्क २०९२ च्या अखेरपर्यंत चालेल.